यंत्रांतील वेळेचा कारभारी

‘लवकर’ आणि ‘वेळेवर’ हे दोन शब्द बोलण्याच्या ओघांत पुष्कळदां एकाच अर्थानें वापरले जातात. त्यांच्यांतील अंतर ज्यानें कधीं चरख्यावर हात बसविला आहे त्याला सांगावें लागत नाहीं. उजवा हात चाक फिरवितो, डावा हात पेळू धरून मागें सरतो. पुरेसा पीळ पडण्यापूर्वींच हात ओढला गेला तर धागा तुटतो. ओढण्यास उशीर झाला तर नको तितका पीळ बसून सुताचा गुंता होतो. चाक कितीहि वेगानें फिरविलें तरी हा दोष जात नाहीं. सेवाग्रामच्या आश्रमामुळें ज्याचें नांव चरख्याशीं कायमचें जोडलें गेलें, त्या वर्धा जिल्ह्यांत आज हाच नियम पाळणारीं आणखीहि कांहीं यंत्रें आहेत. त्यांपैकीं कांहीं विजेचें जाळें राखतात, कांहीं आगगाड्यांना वाट देतात, तर कांहीं रुग्णाच्या शिरेंत थेंबथेंब औषध सोडतात. या यंत्रांच्या पोटांत एकेक लहानसा संगणक असतो आणि त्या संगणकाच्या वेळेचा हिशेब ठेवणारी एक व्यवस्था असते. तिला ‘रिअल टाइम ऑपरेटिंग सिस्टिम’ असें नांव आहे. मराठींत तिला ‘वेळेचा कारभारी’ म्हटलें, तर अर्थ जवळजवळ पुरता हातीं येतो.

संगणक म्हटला कीं पडदा, कळफलक आणि त्यापुढें बसलेला माणूस असें चित्र डोळ्यांपुढें उभें राहतें. वस्तुतः जगांतील बहुसंख्य संगणकांना पडदाहि नसतो आणि कळफलकहि नसतो. कपडे धुण्याच्या यंत्रांत, विजेच्या मीटरांत, मोटारींत, लिफ्टमध्यें ते दडून बसलेले असतात, आणि घरांतील मंडळी त्यांना संगणक म्हणून ओळखतहि नाहींत. यंत्राच्या अंगांत असा मुरलेला संगणक म्हणजे ‘एम्बेडेड’ अथवा अंतर्भूत संगणक. टेबलावरील संगणकाहून तो दोन बाबतींत निराळा असतो. एक तर त्याला जन्मभर एकच ठराविक काम नेमून दिलेलें असतें. दुसरें असें, कीं त्याची गांठ पडते ती निसर्गाशीं, आणि निसर्ग कोणासाठीं खोळंबून राहत नाहीं. पत्र लिहितांना अक्षर अर्ध्या सेकंदानें उशीरां उमटलें तर लिहिणारा फार तर वैतागतो. मोटारीची टक्कर झाल्यावर आंतील हवेची पिशवी मात्र डोळ्याची पापणी लवण्यापूर्वीं फुगली पाहिजे. ती अर्ध्या सेकंदानें फुगली तर न फुगल्यासारखीच. अशा ठिकाणीं उशीरां आलेलें बरोबर उत्तर हें चूक उत्तरच ठरतें. या शास्त्राचें सारें सार या एका वाक्यांत आहे.

या गोष्टीचें एक उत्तम उदाहरण वर्धा जिल्ह्यांतच पाहावयास मिळतें. पॉवर ग्रिड या सार्वजनिक कंपनीचें ७६५ किलोव्होल्टचें एक मोठें उपकेंद्र येथें आहे. रायपूर, औरंगाबाद म्हणजे आजचें छत्रपती संभाजीनगर, आणि तेलंगणांतील निझामाबाद या दिशांनीं अति उच्च दाबाच्या तारा येथें येऊन मिळतात. छत्तीसगडांतील कोळशावर निर्माण झालेली वीज पश्चिमेकडे आणि दक्षिणेकडे नेण्याच्या मार्गावरील हें एक मोठें नाकें आहे. ३१ डिसेंबर २०१३ रोजीं रायचूर–सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची तार जोडली जाऊन दक्षिणेचें जाळें उरलेल्या देशाच्या जाळ्याशीं एकरूप झालें. तेव्हांपासून काश्मिरापासून कन्याकुमारीपर्यंतचीं जनित्रें एकाच तालावर, सेकंदाला सुमारें ५० आवर्तनांच्या गतीनें, फिरत आहेत. एवढ्या मोठ्या देशाचा एकच ताल असणें ही सोय मोठी खरी. परंतु त्यामुळें एका ठिकाणचा बिघाड हा सर्वांच्याच काळजीचा विषय होतो.

पावसाळ्यांत अशा तारेवर वीज पडली, किंवा तार पेलणारें चिनी मातीचें इन्सुलेटर फुटलें, तर प्रवाह एकदम अनेक पटींनीं वाढतो. बिघडलेला तेवढा भाग जाळ्यापासून ताबडतोब तोडला नाहीं तर यंत्रें जळतात आणि जनित्रांचा ताल सुटूं लागतो. म्हणून केंद्रीय विद्युत् प्राधिकरणानें २०१० सालच्या नियमांत या तोडण्याला मुदत घालून दिली आहे. ७६५ आणि ४०० किलोव्होल्टच्या तारांसाठीं ही मुदत १०० मिलिसेकंद, आणि २२० व १३२ किलोव्होल्टच्या तारांसाठीं १६० मिलिसेकंद आहे. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. विजेचें एक आवर्तन २० मिलिसेकंदांचें असल्यानें १०० मिलिसेकंद म्हणजे अवघीं पांच आवर्तनें झालीं. त्यांतील सुमारें दोन आवर्तनें प्रत्यक्ष तार तोडणाऱ्या सर्किट ब्रेकरला लागतात, कारण त्याला विजेची ठिणगी विझवावयाची असते. कांहीं वेळ दुसऱ्या टोंकाच्या उपकेंद्राला निरोप पोंचविण्यांत जातो. जें उरतें तेवढ्यांत, म्हणजे एक-दोन आवर्तनांत, ‘हा बिघाड आहे कीं नाहीं’ याचा निवाडा व्हावा लागतो.

हा निवाडा करणाऱ्या यंत्राला रिले म्हणतात. पूर्वीं रिले म्हणजे चुंबक, कमान आणि फिरती चकती यांची घडण असे. आज तो अंतर्भूत संगणक झाला आहे. आधुनिक उपकेंद्रांत प्रचलित असलेल्या एका मानकानुसार प्रत्येक आवर्तनांत ८० वेळां, म्हणजे सेकंदाला ४,००० वेळां, दाब आणि प्रवाह यांचें माप घेतलें जातें. याचा अर्थ असा, कीं दर २५० मायक्रोसेकंदांनीं एक नवें माप दारांत येऊन उभें राहतें. तें घ्यावयाचें, मागील मापांशीं जुळवावयाचें, त्यावरून हिशेब करावयाचा आणि पुढील मापाची वाट पाहावयाची, हें रिलेचें मुख्य काम होय. पण त्याला दुसरीं कामेंहि असतात. घडलेल्या घटनांची नोंद लिहावयाची, पुढच्या बाजूचे दिवे व आंकडे दाखवावयाचे, नियंत्रण कक्षांतून आलेल्या चौकशीला उत्तर द्यावयाचें, आणि आपलें घड्याळ उपग्रहाच्या घड्याळाशीं मिळवून घ्यावयाचें. हीं सारीं कामें बहुधा एकाच मेंदूकडे असतात. तो मेंदू नोंद लिहिण्यांत गुंतलेला असतांनाच आकाशांतली वीज तारेवर कोसळली तर काय व्हावें? कारभाऱ्याची गरज येथें उत्पन्न होते.

साध्या संगणकालाहि ऑपरेटिंग सिस्टिम असते, आणि तीहि अनेक कामांची पाळी लावते. परंतु तिचें धोरण सर्वांना समान वागविण्याचें असतें. प्रत्येकाला थोडा थोडा वेळ द्यावयाचा आणि दिवसाअखेर एकंदर काम जास्तींत जास्त उरकावयाचें, असा तिचा बाणा. रिअल टाइम पद्धतीचा कारभारी असा समदर्शी नसतो. त्याला सरासरीची पर्वा नसते. सर्वांत वाईट प्रसंगीं काय होईल एवढेंच तो पाहतो. वर्धा नदी वर्षाच्या सरासरीनें कंबरेइतकीच खोल आहे असें कोणी सांगितलें, तर तेवढ्यावर विसंबून श्रावणांत तिच्या पात्रांत पाऊल टाकणारा बुडेल. त्याचप्रमाणें, ‘हा संगणक सरासरी दोन मिलिसेकंदांत उत्तर देतो’ या हमीवर विजेचें जाळें सोंपवितां येत नाहीं. हजारांत एकदां त्याला दोनशें मिलिसेकंद लागत असतील, आणि वीज नेमकी त्याच वेळीं पडेल. म्हणून या शास्त्रांत वेगापेक्षां निश्चितीला मान अधिक. नेहमीं पांच मिलिसेकंद घेणारा संगणक येथें आदरास पात्र होतो. बहुधा एक आणि क्वचित् पन्नास घेणारा होत नाहीं.

हा कारभारी आपलें काम कसें करतो, हें स्वयंपाकघराच्या दाखल्यावरून चांगलें ध्यानांत येतें. एका शेगडीवर दूध तापत आहे, दुसरीवर वरण शिजत आहे, पोळपाटावर पोळी लाटणें चालू आहे आणि निवांतपणीं निवडण्यासाठीं तांदूळ सुपांत ठेवले आहेत. घर सांभाळणारें माणूस एकच, हातहि दोनच. तें पोळी लाटतें आणि दूध वर येत असल्याची चाहूल लागतांच लाटणें बाजूला ठेवून प्रथम शेगडीकडे धांवतें. दूध उतरल्यावर पोळी जेथें राहिली होती तेथूनच पुढें लाटतें. तांदळांची आठवण सर्व शांत झाल्यावरच होते. दूध महाग आणि तांदूळ स्वस्त म्हणून हा क्रम लागलेला नाहीं. दुधाची मुदत क्षणाची आहे आणि तांदळाची दुपारपर्यंतची, एवढेंच त्याचें कारण.

संगणकांतहि असेंच घडतें. प्रत्येक कामाला एक अग्रक्रम दिलेला असतो. खालच्या क्रमाचें काम चालू असतां वरच्या क्रमाचें काम आलें, तर कारभारी पहिलें काम जागच्या जागीं थांबवितो, तें कोठपर्यंत आलें होतें याची टिपण करून ठेवतो आणि दुसऱ्याला पाट मांडून देतो. दूध वर आल्याची चाहूल संगणकाला ज्या संकेतानें मिळते त्याला इंटरप्ट म्हणतात. हा संकेत नसता तर शेगडीकडे दर क्षणीं वळून पाहावें लागलें असतें, आणि पोळी कधींच पुरी झाली नसती. संकेत आल्यापासून योग्य तें काम सुरू होईपर्यंत जो वेळ जातो तो कधींहि ठराविक मर्यादेबाहेर जाऊं नये, हा कारभाऱ्याचा पहिला धर्म.

आतां असा प्रश्न उरतो, कीं सर्व कामें आपापल्या मुदतींत होतील याची आगाऊ खात्री देतां येते काय? येते. १९७३ सालीं लिऊ आणि लेलँड या दोन संशोधकांनीं यावर एक निबंध प्रसिद्ध केला, आणि या शास्त्राचा पाया त्यानेंच घातला. ठराविक काळानें पुनःपुन्हां येणाऱ्या कामांसाठीं त्यांनीं एक सोपा नियम दिला: जें काम अधिक वेळां येतें त्याला अग्रक्रम अधिक द्यावा. असें केल्यास संगणकाचा एकंदर भार एका मर्यादेखालीं असेपर्यंत कोणत्याहि कामाची मुदत चुकणार नाहीं, हें त्यांनीं गणितानें सिद्ध केलें. ही मर्यादा दोन कामांसाठीं सुमारें ८३ टक्के, तीन कामांसाठीं सुमारें ७८ टक्के, आणि कामांची संख्या वाढत गेली तर शेवटीं सुमारें ६९ टक्के येते.

एक लहानसें उदाहरण घेतां येईल. समजा, ‘अ’ हें काम दर १० मिलिसेकंदांनीं येतें आणि त्याला ३ मिलिसेकंद लागतात. ‘ब’ दर २० मिलिसेकंदांनीं येतें आणि त्याला ४ लागतात. ‘क’ दर ५० मिलिसेकंदांनीं येतें आणि त्याला १० लागतात. पहिल्याचा भार ३० टक्के, दुसऱ्याचा २० आणि तिसऱ्याचा २०. एकूण ७० टक्के. हा आंकडा ७८ च्या खालीं असल्यानें निश्चिंत राहण्यास हरकत नाहीं. तरीहि पडताळा पाहावयाचा, तर तिन्ही कामें एकाच क्षणीं आलीं असें धरावें, कारण यापेक्षां वाईट प्रसंग दुसरा नाहीं. पहिले ३ मिलिसेकंद ‘अ’ घेतें, पुढील ४ ‘ब’ घेतें. सातव्या मिलिसेकंदाला ‘क’ सुरू होतें. पण दहाव्याला ‘अ’ पुन्हां दारांत उभें राहतें, म्हणून ‘क’ला तीनच मिलिसेकंद काम करून थांबावें लागतें. तेराव्याला ‘अ’ संपतें आणि मग ‘क’ आपले उरलेले सात मिलिसेकंद घेऊन विसाव्याला मोकळें होतें. त्याची मुदत ५० ची होती. सर्वांत वाईट प्रसंगींहि त्याच्याजवळ ३० मिलिसेकंद शिल्लक राहिले. असा हिशेब यंत्र कारखान्यांतून बाहेर पडण्यापूर्वींच कागदावर करतां येतो, हेंच या पद्धतीचें मोठेपण आहे.

मात्र कागदावरील हिशेबांत एक गृहीत दडलेलें असतें. कामें एकमेकांच्या वाटेंत येत नाहींत असें त्यांत मानलेलें असतें, आणि व्यवहारांत तीं येतात. एखाद्या कचेरींतील प्रकार डोळ्यांपुढें आणावा. दप्तराच्या कपाटाची किल्ली एकच आहे आणि ती या घटकेला शिपायाजवळ आहे, कारण तो आंत कागद लावीत आहे. साहेबांना त्याच कपाटांतील एक कागद तातडीनें हवा आहे. शिपायाचें काम मिनिटाचें आहे, तेव्हां साहेबांनीं मिनिटभर थांबावें, यांत गैर कांहीं नाहीं. परंतु तेवढ्यांत हेडक्लार्क येतो आणि शिपायाला आपल्या कामावर पाठवितो. शिपाई हेडक्लार्काचा शब्द मोडूं शकत नाहीं. किल्ली खिशांत घेऊन तो निघून जातो. हेडक्लार्काला कपाटाशीं कांहीं कर्तव्य नाहीं, साहेब खोळंबले आहेत हें त्याच्या गांवींहि नाहीं. परिणाम असा, कीं साहेब हेडक्लार्कासाठीं थांबून राहिले आहेत आणि कचेरीची सारी उतरंड उलटी झाली आहे. या दोषाला ‘प्रायॉरिटी इन्व्हर्शन’, म्हणजे अग्रक्रमाची उलटापालट, असें नांव आहे.

हा केवळ पुस्तकी दोष नाहीं. ४ जुलै १९९७ रोजीं अमेरिकेचें पाथफाइंडर यान मंगळावर उतरलें. त्यानें चित्रें पाठविण्यास आरंभ केला आणि कांहीं दिवसांतच त्याचा संगणक मधून मधून आपोआप बंद होऊन नव्यानें सुरू होऊं लागला. यानांत व्हीएक्सवर्क्स नांवाची रिअल टाइम प्रणाली होती. हवामानाचीं मापें गोळा करणारें एक खालच्या क्रमाचें काम सामाईक साधनाची किल्ली घेऊन बसे. मधल्या क्रमाचीं कामें त्याला बाजूला सारीत. आणि यानांतील माहितीची मुख्य ने-आण करणारें वरच्या क्रमाचें काम किल्लीसाठीं ताटकळत राही. तें वेळेवर पुरें झालें नाहीं असें दिसतांच यानाचा पहारेकरी संगणक पुन्हां सुरू करी. पृथ्वीवरील अभियंत्यांनीं तसलाच संगणक प्रयोगशाळेंत चालवून दोष हुडकून काढला आणि कोट्यवधि मैलांवरून एक दुरुस्ती पाठविली. ती दुरुस्ती कचेरीच्या भाषेंत सांगावयाची तर अशी: साहेब ज्या किल्लीसाठीं थांबले आहेत ती किल्ली ज्याच्या हातीं असेल, त्याला किल्ली परत करीपर्यंत साहेबांचाच दर्जा द्यावा. मग हेडक्लार्क त्याला हलवूं शकत नाहीं. हा उपाय नवा नव्हता. शा, राजकुमार आणि लेहोक्झी या तिघांनीं त्याचें शास्त्र १९९० सालीं प्रसिद्ध केलें होतें, आणि यानाच्या प्रणालींत ती सोयहि होती. त्या एका किल्लीपुरती ती चालू केलेली नव्हती, इतकेंच.

वर ज्या पहारेकऱ्याचा उल्लेख आला तो बहुतेक अंतर्भूत संगणकांत असतो. इंग्रजींत त्याला वॉचडॉग, म्हणजे राखणदार कुत्रा, म्हणतात. तें एक स्वतंत्र घड्याळ असतें. संगणकानें ठराविक वेळांत त्याला ‘ठीक आहे’ असा निरोप दिला नाहीं, तर संगणक कोठें तरी अडकला आहे असें समजून तें त्याला नव्यानें सुरू करतें. नव्यानें सुरू होणें ही येथें नामुष्की मानीत नाहींत. २० जुलै १९६९ रोजीं अपोलो ११ चें यान चंद्रावर उतरत असतां त्याच्या संगणकानें १२०२ या आंकड्याची धोक्याची सूचना अनेकदां दिली. एका रेडारच्या जोडणीमुळें संगणकाचा कांहीं वेळ व्यर्थ खर्च होत होता आणि कामें तुंबत होतीं. परंतु त्याची व्यवस्था अशा रीतीनें रचलेली होती, कीं भार असह्य झाल्यास सर्व कामें टाकून द्यावीं आणि महत्त्वाचीं तेवढींच क्षणार्धांत पुन्हां उचलावीं. यान सांभाळण्याचें काम चालू राहिलें, गौण कामें गळालीं, आणि यान सुखरूप उतरलें. संकटांत काय सोडून द्यावें हें आधीं ठरवून ठेवणें, हाहि कारभाराचाच भाग आहे.

हीं सर्व यंत्रें वेळ पाळतात. पण बिघाड झाल्यास कोणत्या स्थितींत जावें, हा प्रश्न प्रत्येक ठिकाणीं निराळा आहे. वर्धा जिल्ह्यांत मुंबई–हावडा आणि दिल्ली–चेन्नई हे दोन मोठे लोहमार्ग एकमेकांस भेटतात. मुंबईकडील गाड्या वर्धा स्थानकावरून जातात, दक्षिणेकडील गाड्या पूर्वीं वर्धा पूर्व म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सेवाग्राम स्थानकावरून जातात. अशा जंक्शनांत कोणता सांधा कोणीकडे वळवावा आणि कोणता सिग्नल उघडावा याचा मेळ घालणाऱ्या व्यवस्थेला इंटरलॉकिंग म्हणतात. पूर्वीं तें केबिनमधील लोखंडी दांड्यांच्या खांचांनीं साधत असे. आज भारतीय रेल्वेच्या अनेक स्थानकांत तें संगणक करतात. तेथें पुष्कळदां तीन संगणक एकच हिशेब स्वतंत्रपणें करतात आणि निदान दोघांचें एकमत झाल्यावांचून सिग्नल हिरवा होत नाहीं. शंका आली कीं सिग्नल लाल. गाडी उशीरां पोंचेल, प्रवासी चिडतील, पण जीव वांचतील. रेल्वेला थांबणें परवडतें, ही तिच्यावर निसर्गाची कृपाच म्हणावयाची.

रुग्णालयाला ती कृपा लाभलेली नाहीं. अपोलो चंद्रावर उतरलें त्याच १९६९ सालीं सेवाग्राम येथें महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था स्थापन झाली आणि कस्तुरबा रुग्णालय तिचें अंग बनलें. अशा कोणत्याहि मोठ्या रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागांत श्वास देणारें व्हेंटिलेटर असतें. शंका येतांच तें बंद पडलें तर ती सुरक्षितता नव्हे. त्याला चालतच राहावें लागतें. वीज गेली तर बॅटरीवर जावें लागतें, आणि स्वतःच्यानें होत नसेल तर मोठ्यानें घंटा वाजवून माणसाला बोलवावें लागतें. रोग्याचा श्वास आंत जाण्याची आणि बाहेर येण्याची वेळ तो स्वतः ठरवीत असतो. यंत्रानें त्याच्या तालाशीं जुळवून घ्यावयाचें असतें.

विजेच्या रिलेची अडचण या दोहोंहूनहि बिकट आहे, कारण त्याची दोन्हीकडून कोंडी होते. बिघाड असतां तार तोडली नाहीं तर अनर्थ. बिघाड नसतां तोडली तरीहि अनर्थ. हें २०१२ सालीं सर्व देशानें अनुभवलें. ३० जुलै रोजीं पहांटे अडीचच्या सुमारास उत्तर विभागाचें जाळें कोसळलें. दुसऱ्याच दिवशीं, ३१ जुलैला दुपारीं एकच्या सुमारास, उत्तर, पूर्व आणि ईशान्य या तिन्ही विभागांचीं जाळीं एकाच वेळीं अंधारांत गेलीं. आगगाड्या रुळांवर उभ्या राहिल्या, दिल्लीची मेट्रो थांबली. महाराष्ट्र ज्यांत मोडतो तो पश्चिम विभाग तगून राहिला. दोन्ही दिवशीं ठिणगी पडली ती मध्य प्रदेशांतील बिना–ग्वाल्हेर या ४०० किलोव्होल्टच्या तारेवर.

तेथें नेमकें काय घडलें, हें समजून घेण्यासारखें आहे. तारेचें रक्षण करणारा रिले दाबाला प्रवाहानें भागतो आणि त्या भागाकारावरून बिघाड किती दूर आहे याचा अंदाज करतो. बिघाड जितका जवळ, तितका भागाकार लहान. आपल्या तारेवरील बिघाड तो तात्काळ तोडतो. पलीकडील तारांवरील बिघाड त्यांच्या रक्षकांनीं तोडावा म्हणून तो कांहीं वेळ थांबतो, आणि तरीहि तो कायम राहिला तर मग स्वतः तोडतो. त्या दिवशीं तारेवर बिघाड मुळींच नव्हता. परंतु इतर कांहीं तारा आधींच बंद असल्यानें या एकाच तारेवर भार फार झाला होता. प्रवाह वाढला, दाब उतरला, आणि त्यांचा भागाकार इतका लहान झाला कीं रिलेला तो दूरच्या बिघाडासारखा भासला. नेमून दिलेला वेळ तो थांबला आणि मग त्यानें तार तोडली. तिचा भार शेजारच्या तारांवर पडला, त्याहि तुटल्या, आणि पत्त्यांचा बंगला ढांसळला. रिलेनें वेळ चुकविली नव्हती. त्याला शिकविलेला हिशेबहि त्यानें बरोबर केला होता. दोष होता तो तारा भारानें वांकूं देण्यांत, आणि ‘जड भार’ व ‘दूरचा बिघाड’ यांतील सीमारेषा कोठें आंखावी या मानवी निर्णयांत.

अशा प्रणाली आज दुर्मिळ राहिलेल्या नाहींत. पाथफाइंडरमधील व्हीएक्सवर्क्स १९८७ सालीं बाजारांत आली. रिचर्ड बॅरी यांनीं २००३ सालीं प्रसिद्ध केलेली फ्रीआरटॉस ही सर्वांना मोफत उपलब्ध असून तिचा गाभा अवघ्या दहा किलोबाइटांच्या आसपास मावतो. मोठ्या संगणकांवर चालणाऱ्या लिनक्समध्येंहि, सुमारें वीस वर्षांच्या खटपटीनंतर, २०२४ सालीं रिअल टाइमची सोय मूळ प्रणालींतच समाविष्ट झाली. मात्र हा कारभारी सर्वत्र नेमण्याचें कारण नाहीं. दूरचित्रवाणीवरील चित्र क्षणभर अडखळलें तर कोणाचें फारसें बिघडत नाहीं. तेथें वेळेचें बंधन मऊ असतें. वाईट प्रसंगासाठीं संगणकाची कांहीं शक्ति सदैव राखून ठेवावी लागते, ती इतर वेळीं रिकामी बसते, आणि तिची किंमत मोजावी लागते. मुदत चुकल्यास काय बुडेल, यावरून ती किंमत मोजावी कीं नाहीं हें ठरतें.

घरांत नवें यंत्र घेतांना ‘हें किती जलद आहे?’ असें विचारण्याची सर्वांनाच संवय आहे. ज्या यंत्रांवर जीव, गाडी किंवा गांवाचा उजेड अवलंबून आहे त्यांच्या बाबतींत दोन निराळे प्रश्न विचारले पाहिजेत. सर्वांत वाईट प्रसंगीं हें किती वेळांत उत्तर देईल? आणि वेळेवर दिलेलें तें उत्तर कोणत्या समजुतीवर आधारलेलें असेल? पहिल्या प्रश्नाचें उत्तर गणित देऊं शकतें, आणि लिऊ व लेलँड यांच्या काळापासून तें अधिकाधिक चोख देत आलें आहे. दुसऱ्या प्रश्नासाठीं मात्र यंत्रापुढें माणसालाच बसावें लागतें: रिलेंत खोटे प्रवाह सोडून त्याची परीक्षा घ्यावी लागते, प्रत्येक घटनेनंतर त्याची नोंद उघडून वाचावी लागते, आणि भार वाढला कीं जुन्या सीमारेषा नव्यानें आंखाव्या लागतात. कारभारी वेळ सांभाळील. त्या वेळीं काय करावें हें त्याला सांगण्याची जबाबदारी धन्याचीच राहते.